दुसऱ्या गटाच्या बाई

विद्यापीठात शोध लावणारी माणसं वेगळी आणि जिने चढणारी वेगळी. बाई जिने चढणाऱ्यांतल्या. गेली तेवीस वर्षं विद्यापीठाच्या आरोग्य विभागासाठी त्या लोकांच्या घरी जाऊन फॉर्म भरून आणत होत्या. मुलांची उंची-वजनं झाली, म्हाताऱ्यांचे दात झाले, रात्रपाळीवाल्यांची झोप झाली. प्रत्येक अभ्यासाचं एक जाडजूड पुस्तक निघायचं आणि शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार मानलेले असायचे. बाई ते पान नवऱ्याला दाखवायच्या. "हे बघा, यात मी आहे. बारीक दिसते, पण आहे."

वय सत्तावन्न. डावा गुडघा कामातून गेलेला, उजवा त्याच वाटेवर. नोकरी अकरा महिन्यांची, दर वर्षी नव्याने सही करायची. खांद्याला पिशवी, तिच्यात फॉर्म, शाईचं पॅड, दोन पेनं आणि पाण्याची बाटली. आजारी माणूस नेहमी लिफ्ट नसलेल्या इमारतीत आणि वरच्या मजल्यावरच सापडतो, हा बाईंचा स्वतःचा शोध होता. तो कोणी छापला नाही.

तीन वर्षांपूर्वी विभागातल्या मॅडमनी एक नवा अभ्यास सुरू केला. मॅडम बाईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण हुशार आणि माणूस म्हणून सरळ. अंथरुणाला खिळलेल्यांची घरची माणसं काळजी घेतात, त्यांना कोणी नीट शिकवलं तर रोग्याचे आणि त्यांचे स्वतःचे हाल कमी होतात का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घरांचे दोन गट केले. पहिल्या गटात महिन्यातून एकदा नर्स जाणार. रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, टाचा अधांतरी राहतील अशी उशी कुठे ठेवायची, भरवताना किती उठवून बसवायचं, हे सगळं हातात हात धरून शिकवणार. दुसऱ्या गटात कोणी काही शिकवणार नाही. दर तीन महिन्यांनी फक्त बाई जाणार आणि अडतीस प्रश्न विचारून येणार. दोन्ही गटांत जो फरक पडेल, तेवढं त्या शिकवण्याचं मोल. फरक दिसला तर सरकारचं आरोग्य खातं दर वस्तीला अशी एक नर्स द्यायला तयार होतं. तसं लेखी आश्वासन मॅडमच्या फाइलीत होतं.

दुसऱ्या गटातली सगळी सेहेचाळीस घरं मॅडमनी बाईंना दिली. "तुम्ही जास्तीचं एक अक्षर बोलत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्हीच." प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, समजावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, हळहळायचं नाही. बाईंना हे नियम तोंडपाठ होते.

पण बाईंची एक जुनी दुखरी नस होती, आणि ती त्यांनी विभागात कधी कोणाला सांगितली नव्हती. त्यांची आई शेवटी वर्षभर अंथरुणावर होती. बाईंनी तिचं सगळं केलं. रजा काढल्या, डोळ्यात तेल घालून जागल्या, तिला पाठीवर छान सरळ झोपवून ठेवलं, हलवायला नको म्हणून जपलं. पाठीला जखम झाली आणि ती हाडापर्यंत गेली. बाईंना वाटलं, आजारच तसा असेल. या अभ्यासाच्या सुरुवातीला नर्सच्या पुस्तिकांचे गठ्ठे मोजताना त्यांनी एक पुस्तिका सहज उघडली. कुशीवर झोपवलेल्या बाईचं चित्र होतं, पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. खाली दोन ओळी: दर दोन तासांनी कूस बदला, नुसतं पाठीवर ठेवलं तर जखम होते. बाईंनी त्या दोन ओळी वाचल्या आणि त्या बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. इतकं सोपं होतं. कोणी येऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

आता अशा बाईला दुसरा गट दिला, यात चूक कोणाची म्हणायची?

पहिल्यांदा घडलं ते एका रिटायर्ड ड्रायव्हरच्या घरी. चौथा मजला. त्यांची सून एकटी सगळं बघायची, अंगात जीव नसल्यासारखी पोर. बाईंनी अडतीस प्रश्न वाचले, अडतीस खुणा केल्या, सही घेतली, फॉर्म मिटून पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेनही ओढली. मग आतल्या खोलीतून आलेला तो वास त्यांना सोसवेना. तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

"अगं, एक उशी आण," त्या म्हणाल्या. "आणि मला हात धुवायला पाणी दे."

"बाई, तुम्ही कशाला?"

"आण म्हटलं ना."

दोघींनी मिळून म्हाताऱ्याला वळवलं. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नसेल, पण त्या दिवशी गुमान वळला. सूनबाई रडायला लागल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं आणि पुढची वळवायची वेळ घड्याळात दाखवून दिली.

त्यानंतर बाईंचा पाय घसरला तो घसरलाच. एका घरी केलं, मग दुसऱ्या घरी न करणं हा अन्याय वाटायला लागला. दीड वर्षात सेहेचाळीसच्या सेहेचाळीस घरांत त्यांचे हात फिरले. मात्र त्यांचा स्वतःचा एक कडक कायदा होता: आधी फॉर्म, मग हात. फॉर्म बंद झाल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. पिशवीची चेन ओढली की विद्यापीठाचं काम संपलं आणि पुढचं आपलं, असा त्यांचा हिशोब. तीन महिन्यांनी आपणच येऊन त्याच घरात तेच प्रश्न विचारणार आहोत आणि मधल्या तीन महिन्यांची उत्तरं त्या उशीनं बदलणार आहेत, हे तेवीस वर्षं फॉर्म भरणाऱ्या बाईच्या डोक्यात एकदाही आलं नाही. हसावं की रडावं कळत नाही, पण असं झालं खरं.

अभ्यास संपला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चहा मागवला होता, पण तो कोणी पीत नव्हतं. भिंतीवर दोन रेघा होत्या, पहिल्या गटाची पिवळी आणि दुसऱ्याची निळी. दोन्ही एकमेकींच्या अंगावर चढून सारख्याच वर गेलेल्या.

"पहिल्या गटात सुधारणा आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "दुसऱ्या गटातही तेवढीच आहे. काही न शिकवता. म्हणजे शिकवून उपयोग नाही, असंच लिहावं लागणार. पुढच्या आठवड्यात अहवाल जाईल. आरोग्य खात्याचा विषय संपला."

 बाई निळ्या रेघेकडे बघत राहिल्या. ती रेघ वर का गेली हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता, आता घरी. शांत डोक्याचा माणूस.

"गप्प बस," तो म्हणाला. "या महिन्यात तुझी सही व्हायची आहे ना?"

"अहो, पण अहवाल खोटा जाईल. नर्स कुणालाच मिळणार नाही."

"आणि तू सांगितलंस तर मिळेल?"

बाईंनी भांडी घासायला घेतली. सांगितलं तर मॅडमची तीन वर्षं मातीमोल, आपली नोकरी गेलीच. नाही सांगितलं तर छापील पुस्तकात कायमचं राहणार, की असल्या शिकवण्याचा काडीचा उपयोग नाही. आईच्या पाठीचं आठवलं आणि त्यांना स्वतःची चीड आली. मी हात लावले ते कुणाचं वाईट व्हावं म्हणून का? त्यांनी भांडी जरा आदळूनच घासली. 

सकाळी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.  शेवटी मॅडमनी विचारलं, "किती घरं?"

"सगळी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्षं, बाई."

"हो."

"एकदा तरी सांगायचंत. पहिल्या घरानंतर सांगितलं असतंत तर एक घर वगळलं असतं. तुम्हाला कळतंय का काय झालंय? तुम्ही सेहेचाळीस जणांना बरं वाटावं म्हणून जे केलंत, त्यापायी बाकीच्या सगळ्या वस्त्यांना काही मिळणार नाही."

"पण मॅडम, माझ्यामुळे ती माणसं सुधारली, म्हणजे शिकवून उपयोग होतो हे दिसलंच ना?"

"मला दिसलं. तुम्हाला दिसलं. खात्याला कसं दाखवू? जिथे काही केलं नाही अशी घरंच माझ्याकडे उरली नाहीत. तुलना कशाशी करू?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मी तुमच्यावर रागावले आहे, आणि मला तुमच्यावर रागावताही येत नाही. जा तुम्ही आता."

बाई तीन आठवडे घरी बसून होत्या. कामावरून काढल्याचं पत्र येईल म्हणून रोज वाट बघायच्या. पत्र नाही, फोन आला. मॅडमनी कुठे कुठे हातापाया पडून आणखी एक वर्ष मिळवलं होतं. पहिला गट तोच. दुसऱ्या गटासाठी चाळीस नवी घरं. वर्ष संपलं की त्या घरांनाही नर्स शिकवणार, तोवर नाही. दोन नव्या मुलींना विचारलं होतं. एकीनं जिने बघूनच नकार दिला आणि दुसरीचे फॉर्म घरबसल्या भरलेले निघाले.

"मी करते," बाई म्हणाल्या.

फोनवर मॅडमच होत्या. "तुमच्यावर कशी सोडू मी ही घरं?"

"काय करायचं नाही, हे माझ्याइतकं आता कोणाला ठाऊक आहे?"

पगाराचाही विचार होताच, बाई काही संत नव्हत्या. पण मुख्य म्हणजे त्यांना ती निळी रेघ खाली आलेली बघायची होती. ती खाली आली तरच नर्स येणार होती. आणि ती खाली येण्यासाठी चाळीस घरांत काय घडू द्यावं लागणार, हे त्यांना तारीखवार समजत होतं. नवऱ्याला त्यांनी इतकंच सांगितलं, की काम परत मिळालं. त्याला बरं वाटलं.

नवं पहिलं घर एका शिक्षिकेचं. साठीच्या, रिटायर्ड, लग्न न केलेल्या. धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आलेला, तेव्हापासून त्या त्याला सांभाळत होत्या. घर लख्ख. भाऊ आतल्या खोलीत पाठीवर अगदी सरळ झोपवलेला, चादरीला एक सुरकुती नाही. बाईंनी दारातूनच ते पाहिलं आणि खुर्ची अशी वळवून घेतली, की आतलं दिसू नये.

एक एक प्रश्न झाला. गेल्या पंधरा दिवसांत तुमची झोप नीट झाली का? क्वचित. तुम्हाला एकटं वाटलं का? बरेचदा. शिक्षिका परीक्षेला बसल्यासारख्या विचार करून उत्तरं देत होत्या. शेवटचं पान उलटल्यावर त्यांनी बाईंच्या पिशवीकडे पाहिलं.

"तुम्ही पुष्कळ घरं बघितली असतील."

"हो."

"मग एक सांगता का? त्याला पाठीवर लालसर चट्टा आलाय, एवढासा. मी त्याला जराही हलवू देत नाही हो, खूप जपते. तरी आलाच. माझं काही चुकतंय का?"

बाईंच्या हातात पेन होतं. ते त्यांनी घट्ट धरलं. 

"ते मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "मी फक्त फॉर्म भरते."

शिक्षिका ओशाळल्या. भलत्याला भलतं विचारून बसलो, असं त्यांना वाटलं असावं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "तुमचं काम नाही ते. मी आपलं उगीच विचारलं." आणि बाईंना गुडघ्यांचा त्रास आहे हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं, म्हणून जिन्यात दिवा लावून, एका हातानं बाईंचा दंड धरून त्या एक मजला खाली सोडायला आल्या. तेवढा वेळ भाऊ वर एकटा होता, आणि पाठीवर होता.