खळ्यातला होकार
काजूच्या बिया भाजल्याचा वास आला की मला कट्टा गावातलं आमच्या घरापुढचं खळं आठवतं. एका मे महिन्यात माझा एक वर्गमित्र परदेशातल्या बैठकीला निघण्याआधी तिथे भेटायला आला होता. आम्ही दोघंही एकाच प्रोग्रामिंग भाषेत गुंतलेले. तो तिचे नियम ठरवणाऱ्या समितीवर, आणि मी त्या नियमांप्रमाणे प्रोग्राम चालवणारं इंजिन घरी बसून सांभाळणारा. त्याच्या वाट्याला विमानं आणि टाळ्या, माझ्या वाट्याला तक्रारी. आईसुद्धा बिया फोडून गर आधी त्याच्याच हातावर ठेवत होती, तेही मला खुपलं. त्याने लॅपटॉप पुढे केला. "माझो नवीन नियम. वाच रे, काय चुकला आसात तर सांग." तिसऱ्याच ओळीत मला दिसलं, याने जुने प्रोग्राम बंद पडणार. बिया फोडून सालीच्या तेलाने माझीही बोटं चुरचुरत होती. "बरो आसा," मी म्हटलं. होऊ दे फजिती चारचौघांत. पण बैठकीतही कुणाच्या लक्षात आलं नाही, नियम मंजूर झाला. आता त्यावर इतके नवे प्रोग्राम उभे आहेत की तो मागे घेता येत नाही. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून इंजिनाच्या प्रत्येक आवृत्तीत ती चूक मीच झाकत बसतो, आणि तो दर मे महिन्यात खळ्यात बसून विचारतो, "माझो नियम बरो चलता मा?"