साठ सुया आणि नानाचा कोयता

"पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस," धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे खिडकीसमोर धरून म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. आमचे हे शर्टाची बटणं लावू लागले. मला मात्र डॉक्टरांचाच राग आला, जणू रोग त्यांनीच आणला होता.

आठच दिवसांपूर्वी आमची घडाला आलेली केळीची बाग कुणीतरी कापून आडवी केली होती. कुणीतरी कसलं! बांधाच्या भांडणावरून आमच्या शेजारच्या नानाने. पानांखाली त्याचा कोयता सापडला, मुठीला त्यानेच गुंडाळलेली तांब्याची तार. मी तो घेऊन पोलिसांत निघाले, तर हे म्हणाले, "ठेव घरात. ख्रिस्ती माणसं आहोत आपण." अहो, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं, दुसरी बाग नाही!

साठ दिवस, रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. "एकही चुकवू नका," डॉक्टरांनी बजावलं, "चुकलं की रोग उलटतो." गावात कंपाउंडर आठवड्यातून एकदा यायचा. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरने मला आधी उशीवर शिकवलं, मग यांच्यावरच.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर घाबरू नका. पहिले दोन दिवस सुई वाकडी जाते, मग हात बसतो. काचेची सिरिंज वीस मिनिटं उकळा. आणि रोग्याच्या खाटेजवळ बसून दोन शब्द बोला, तेवढं तरी करा.

हे बरे झाले आणि लगेच नानाला क्षय. देवा, तुला गावात दुसरं कुणी सापडलंच नाही? त्याच्यात बसच्या थांब्यापर्यंत चालायचं बळ नव्हतं, लागणीच्या भीतीने कंपाउंडर त्याचा उंबरा ओलांडेना. नानाची बायको आमच्या दारात रडत उभी राहिली. "अक्का, सुई तुम्हीच द्या. नही ते माणूस हातना जाई."

मी आत वळले, तर यांनी चुलीवर सिरिंज उकळायला ठेवलेली! मला न विचारता! "पाणी ठेवलंय," हे म्हणाले. "जायचं की नाही, तू ठरव." पाण्याला उकळी येईपर्यंत मी मनात नानाला जे जे बोलले, ते प्रार्थनेत सांगण्यासारखं नाही. मग गेले.

सुरुवातीला सुई मुद्दाम जोरात खुपसावी असं वाटायचं. झालं उलटंच. सुई बोथट झाली की मीच ती बारीक दगडावर घासत बसायचे आणि स्वतःवर चरफडायचे. राग काही गेला नाही. इंजेक्शन मात्र एकही चुकलं नाही.

साठाव्या दिवशी नाना पालथा पडूनच बोलला, "अक्का, तुमना बागन्या त्या केयी मीच तोड्यात."

"माहीत शे माले, पहिल्या दिवसपासून. तुमना कोयता मना घर शे, उद्या चालत या आनि लई जा. आता आंग ढिलं सोडा, नही ते सुई मोडी जाई."