आधी आला तो ओपनर

सलग चार सीझन आमची टीम लीगच्या तळाला होती. आमची म्हणजे इंग्लंडमधल्या मेडनहेड आणि आसपासच्या मराठी लोकांची, रविवारी खेळणारी, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधली. माझा नवरा कॅप्टन आणि विकेटकीपर, मी स्कोअरर. इथे प्रत्येक टीमला आपला स्कोअरर द्यावा लागतो, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी वही हातात घेतली. तेव्हा मला बाय आणि लेग बाय यांतला फरकही ठाऊक नव्हता. आता मला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. तोही ते मान्य करतो, फक्त चारचौघांत नाही.

हरण्याची माणसाला सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही. एकदा एका खेड्यातल्या टीमनं आम्हाला दहा विकेट्सनी हरवलं. त्यांच्या ओपनरची नातवंडं बाहेर बसून टाळ्या पिटत होती. आमची मंडळी मात्र 'मजा आली यार' म्हणत बटाटेवड्यांवर तुटून पडली. मला त्या वड्यांचाही राग आला, आणि ते मीच तळले होते.

मग त्या हिवाळ्यात दोन नवे लोक आले. एक मुंबईचा डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलमध्ये नुकताच लागलेला, विद्यापीठाकडून फास्ट बोलिंग केलेला. दुसरा नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. तो आधी साउथहॅम्प्टनला होता आणि तिथल्या क्लबसाठी त्यानं शतकं मारली होती. दोघांच्या मागे आणखी दोन क्लब लागलेत असं कळल्यावर मी एका शनिवारी दोघांनाही जेवायला बोलावलं. अधिक महिन्यातल्या जावयांची करतात तशी सरबराई केली. सुरळीच्या वड्या केल्या, ज्या मी सासूबाई आल्यावरही करत नाही. दोघं 'हो' म्हणाले, तेव्हा त्यांचे हात धुऊन व्हायच्या आत मी फोनवर रजिस्ट्रेशनचा फॉर्म उघडला होता.

त्यानंतर महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. कुठल्या टीमविरुद्ध किती पॉइंट मिळतील याचा मी आधीच तक्ता करून ठेवला. पुण्याला बहिणीला फोनवर सांगत बसले. ती शेवटी म्हणाली, "अगं, लग्न ठरलंय का तुमच्याकडे?"

पहिलीच मॅच आम्ही हरलो.

आमच्या टीमची एक रीत होती. ती कुणी केली कुणास ठाऊक, पण सगळे पाळायचे. जो या देशात आधी आला, तो आधी बॅटिंगला जायचा. नवरा सगळ्यांत जुना, म्हणून तो ओपनर. नागपूरकर आला होता तीन वर्षांपूर्वी, म्हणून त्याचा नंबर दहावा. तो पॅड बांधून दीड तास खुर्चीत बसून राहिला. नवऱ्यानं एकदा त्याला वर जायला सांगितलंही, तर तो म्हणाला, "नाही दादा, आधी तुम्ही सगळे." शेवटी त्याला सात बॉल मिळाले. त्यात त्यानं दोन सिक्स मारले, ओव्हर्स संपल्या आणि तो नॉट आउट परत आला.

घरी येताना गाडीत मी तोंड उघडलं ते पार्किंगपर्यंत मिटलं नाही.

"सिनियॉरिटी व्हिसाच्या फॉर्मवर लिही," मी नवऱ्याला म्हणाले. "बोलर ती विचारत नाही."

"अगं, सगळ्यांना chance मिळायला पाहिजे ना. इतकी वर्षं येतायत लोक."

"मग पिकनिकला जाऊ या. लीगमध्ये कशाला खेळायचं? बेस्ट इलेव्हन खेळायला पाहिजे, that's it."

पुढच्या रविवारी नागपूरकर ओपनिंगला गेला आणि नवरा पाचव्या नंबरवर आला. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या रविवारीही जिंकलो. डॉक्टरनं एका मॅचमध्ये सहा जणांच्या दांड्या उडवल्या. मी वहीत इतक्या विकेट्स कधी लिहिल्याच नव्हत्या. खोटं कशाला बोलू, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी होता.

गूळ असला की मुंगळे येतात. स्टार आले म्हटल्यावर आणखी चांगले खेळाडू आले, त्यात एक विकेटकीपरही, आणि जुने एकेक करून गळले. कुणाची पाठ दुखायला लागली, कुणाच्या मुलीचं स्विमिंग रविवारी आलं. नवरा आठव्या नंबरवर गेला. पन्नाशी उलटलेली, उजवा गुडघा कुरकुरणारा. मला ते दिसत होतं, पण पॉइंट्सचा तक्ताही दिसत होता.

शेवटची मॅच जिंकलो तर आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो. शुक्रवारी संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते, तेव्हा व्हॉट्सॲपवर टीम आली. अकरा नावं होती. शेवटी लिहिलं होतं, 'बारावा आणि चहा', आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. मी पळी हातात घेऊनच बाहेर आले. तो सोफ्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता.

"हे काय आहे?"

"टीम आहे."

"तू कॅप्टन आहेस."

"Knee bend होत नाहीये. आणि तो नवीन कीपर माझ्यापेक्षा चांगला आहे, you know it. तूच म्हणालीस ना, बेस्ट इलेव्हन."

मी म्हणाले होते. तो माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबला. 'तरी खेळ' असं मी म्हणावं म्हणून तो थांबला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण नवीन कीपर खरंच चांगला होता. मी गॅस बंद करायला आत गेले.

रविवारी आम्ही आधी बॅटिंग केली, चांगला स्कोअर केला. चहाच्या वेळी नवऱ्यानं सगळ्यांना कप भरून दिले. तो कपडे मात्र खेळायचे घालून आला होता. नंतर डॉक्टरचा पाय आखडला आणि त्याच्या जागी फील्डिंगला नवरा गेला, लांब बाउंड्रीवर. त्यांची एकच विकेट उरली होती आणि त्यांना हव्या होत्या पाच धावा. बॅट्समननं उंच फटका मारला, तो थेट नवऱ्याच्या दिशेनं. तो धावला, पडला, आणि बॉल त्याच्या हातात राहिला.

मी टेबलावर जोरात थाप मारली. शेजारी त्यांच्या टीमची स्कोअरर बसली होती, सत्तरीची इंग्लिश बाई.

"कोणी घेतला?" तिनं विचारलं.

बदली खेळाडूनं कॅच घेतला तर वहीत त्याचं नाव लिहीत नाहीत, नुसतं 'सब' लिहितात.

"सब," मी म्हणाले. आम्ही दोघींनी लिहिलं.

मान वर केली तेव्हा सगळी टीम बोलरला उचलून नाचत होती. नवरा अजून बाउंड्रीवर, गवतात बसलेला होता. त्याला उठता येत नव्हतं. मॅच संपल्यावर दोन्ही वह्या जुळल्याशिवाय स्कोअररनं उठायचं नसतं, आणि आमची बेरीज एका धावेनं चुकत होती. मी खाली बघून पुन्हा पहिल्या ओव्हरपासून मोजायला लागले. परत पाहिलं तेव्हा तो आपला आपण उठून लंगडत येत होता. त्या एका धावेची मला आजही लाज वाटते.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. नवरा शेजारी गुडघा चोळत होता.

"कॅच बघितलास ना?" त्यानं विचारलं.

"बघितला," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बॉल हवेत होता तोवर मी बॉलच बघत होते.