पाकावरच्या मावशीची शुगर

“डॉक्टर, चोर सापडला,” म्हणत शेठनी हौसामावशीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. शुगर बरीच वाढलेली. “माल खाते म्हातारी. उद्यापासून घरी बसवतो.”

हा लोणावळ्यातला चिक्कीचा कारखाना. मी तळेगावला प्रॅक्टिस करते, आठवड्यातून एकदा इथल्या कामगारांना तपासायला येते. लॅबने रिपोर्ट परस्पर मालकाला दिले होते, ही पहिली चूक. गठ्ठा मी आधी ताब्यात घेतला. माझा क्रम ठरलेला आहे: आधी पेशंट, मग कागद, शेवटी मालकाचं मत.

मावशी पाकावर असते. गुळाच्या पाकाचा थेंब ती पाण्यात टाकते. तो गार होऊन कट्कन मोडला, की कढईत दाणे ओतायचे. घरात कमावती ती एकटीच. तिला बोलावलं.

“मावशी, चिक्की खाता?”

“दाढा कुटं हायेत मला, म्याडम? हिरड्यांनी फोडू व्हय?” तिने तोंड उघडून दाखवलं. “आन् गुळाच्या वाफंत जल्म गेला. आता वास बी नको वाटतो.”

“पाक चाटत असेल,” शेठ म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात चिक्कीचा तुकडा होता. त्याला ते क्वालिटी चेक म्हणतात.

“उकळता पाक चाटला तर जीब ऱ्हाईल का, शेठ?”

मी विचारलं, “पाळी कधी गेली?” शेठ घाईने खिडकीबाहेर बघू लागले.

“झाली पाच-सा वर्सं. तवापास्नं प्वाट सुटलंय. भाकर तीच, प्वाट नवं.”

मग शेठना समजावलं. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खूप कमी होतं. चरबी पोटावर साठू लागते. रक्तातली साखर पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं. ते असतं, पण पूर्वीसारखं चालत नाही. बाईच्या अंगात थोडं पुरुषी हार्मोनही असतं. इस्ट्रोजेन घटल्यावर त्याचा वाटा मोठा होतो, त्यानेही साखर बिघडू शकते. प्रत्येकीचं असं होत नाही, पण धोका वाढतो.

“बायकांत पुरुषी हार्मोन?” शेठ म्हणाले. “तरीच घरी माझं चालत नाही.”

“तुम्ही सगळे रिपोर्ट वाचलेच आहेत. पॅकिंगच्या मुली येता-जाता तुकडे तोंडात टाकतात. कुणाची वाढलेली दिसली?”

“त्या तरुण आहेत.”

“तेच सांगतेय.”

शेठनी क्षणभर विचार केला. मालकांनी विचार केला की मला धास्तीच वाटते. “मग पन्नाशीच्या सगळ्याच बायका कमी करतो. रिस्कच नको.”

मावशीने पदराने कपाळ पुसलं.

बिलिंगच्या टेबलावरून मंगलवहिनी उठल्या. वहिनी म्हणजे शेठच्या पत्नी. चहा बिनसाखरेचा, चिक्कीला हात नाही.

“माझी शुगर मावशींपेक्षा जास्त आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना माहीत आहे. तुम्ही मलाही चोर म्हणाल, म्हणून मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. मीही पन्नाशीची. बोला, कधी निघू?”

मला खरंच माहीत होतं. पण पेशंटची गोष्ट वादात वापरता येत नाही.

शेठनी तुकडा न चावताच गिळला. “मावशी,” ते म्हणाले, “कढई बघा. पाक लागेल.”

मावशी पाकावर परत गेली. दोघींना मी औषध दिलं आणि जेवणानंतर चालायला सांगितलं. आता दुपारी दोघी गोडाऊनभोवती फेऱ्या मारतात. पुढे मावशी, मागे धापा टाकत वहिनी. दोघींची साखर उतरणीला लागली आहे.

पन्नाशीनंतर बाईची साखर वाढली, तर तिच्या डब्यात डोकावण्याआधी तिची पाळी कधी गेली ते विचारावं, एवढंच मी सगळ्यांना सांगते.

शेठनाही तपासणीची चिठ्ठी दिली आहे. ते जात नाहीत. साखर पाळी गेल्यामुळेच वाढते, असं ते आता गिऱ्हाइकांनाही ठासून सांगतात. त्यांना पाळी कधी आलीच नाही, त्यामुळे ते निर्धास्त आहेत. क्वालिटी चेक चालू आहे.