रामोनसिता आणि चोळायची बाटली

रामोनसिता कसाउसला प्रश्न विचारायची खोड होती. साधीसुधी नव्हे, हाडीमाशी खिळलेली. मेक्सिकोतल्या चिवावाहून लग्न करून ती सरहद्दीअलीकडे, अमेरिकेतल्या आमच्या सौसाल गावात आली, तेव्हा वेदीपाशी उभं राहून तिनं पाद्रीबाबांना विचारलं होतं, "या पवित्र पाण्यात मीठ किती घालता हो?" नवरा एउसेबियो घामाघूम झाला. पाद्रीबाबा म्हणाले, चिमूटभर. "कुणाची चिमूट?" झालं! त्या दिवसापासून गावानं तिच्यापुढे हात टेकले.

चोळायचं औषध ती सासूकडून शिकली. गांजाचा पाला अल्कोहोलमध्ये भिजवायचा, अंधाऱ्या फडताळात मुरू द्यायचा आणि दुखऱ्या सांध्यांवर खसखसून चोळायचा. ओढायबिढायचं नाव नाही. आमच्या उत्तर न्यू मेक्सिकोत हे प्रत्येक आजीला येतं, पण रामोनसिताचा हात औरच. पोस्टातली ओडिलिया म्हणायची, "बाई चोळते तेव्हा गुडघा विसरतो की तो गुडघा आहे."

सासूच्या काळी रोप मक्याआड लपवावं लागे. पुढे राज्यानं कायदा बदलला, घरी लावायची मुभा दिली. रामोनसिता तडक तालुक्याच्या कचेरीत गेली. किती रोपं? सहा. बकरीनं एक खाल्लं तर दुसरं लावायचं का? बकरीवर खटला होतो का? तिथल्या कारकुनानं शेवटी पाणी मागवलं. बाई मात्र खुशीत घरी आली आणि मिरचीच्या वाफ्यामागे उघड्यावर रोपं लावली. कायदा म्हणजे काय ते आपल्याला सगळं कळलं, असं तिला वाटलं. तिथंच घात झाला.

कारण डोंगर. तो सौसालचा. स्पेनच्या राजानं गावाला लिहून दिलेला, सगळ्यांच्या सरपणाचा, सगळ्यांच्या गुरांचा. नंतर वॉशिंग्टनचं सरकार आलं आणि राखीव वनाची पाटी ठोकून मोकळं झालं. पाटी त्यांची, डोंगर आपला, असं आमच्याकडे पोरं बोलायला लागली की पहिलं शिकवतात. एउसेबियोचा धाकटा भाऊ बेलार्मिनो तर या बाबतीत पक्का हेकट. वनखात्याचा लाकूडतोडीचा परवाना त्यानं जन्मात काढला नाही. "माझ्याच घरात शिरायला मी परवाना काढू? उद्या बायकोशी बोलायलाही काढायला लावतील!"

एउसेबियो वारल्यापासून दर शरदात बेलार्मिनो वहिनीच्या चुलीसाठी लाकूड तोडून देई. त्या वर्षीही दोघं तिची गाडी घेऊन वर गेले. बेलार्मिनोनं एक जाडजूड ओंडका जोर लावून उचलला आणि "आई गं!" करून तिथंच पालथा पडला. कंबर धरली. रामोनसितानं गाडीतनं बाटली काढली, त्याचा सदरा वर केला आणि चोळायला बसली.

"हळू, वहिनी! मेलो!"

"मेलेली माणसं एवढी ओरडतात का हो भावजी?"

तेवढ्यात वनखात्याचा हॉफर नावाचा शिपाई आला. ओहायोकडचा पोरगेला गडी, नुकताच बदलून आलेला. आला होता परवाना विचारायला, पण त्याचं नाक बाटलीकडे गेलं.

"मॅडम, यात काय आहे?"

दुसरा कुणी असता तर "औषध" म्हणून सुटला असता. पण रामोनसिताला आजवर कुणी उलट प्रश्न विचारलाच नव्हता! तिला भरून आलं. पाला किती, कधी तोडायचा, किती मुरवायचा, सगळं सांगितलं. वर, "यांना देते, ओडिलियाला देते, पाद्रीबाबांचे गुडघे तर माझ्याच जिवावर चालतात. तुझा खांदा दुखतो का रे बाबा? वाकडा चालतोयस." हॉफर मान डोलवत सगळं टिपून घेत होता. पालथा बेलार्मिनो दातओठ खात पुटपुटला, "वहिनी, बास... वहिनी, देवासाठी बास..." पण ती ऐकते कुठली! असा स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला बाईनं.

अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा लागला. तोही केंद्राच्या कोर्टात, अल्बुकर्कीला.

कोर्टानं दिलेली वकीलबाई, प्रिसिला सेडिल्यो, लास क्रूसेसची. आपली स्पॅनिश बोलणारी, तरुण, चटपटीत. तिला वाटलं होतं, म्हातारी रडत येईल. म्हातारी खुर्ची ओढून पुढे सरसावून बसली.

"सहा रोपं चालतात ना, बाळ?"

"राज्याच्या कायद्यानं चालतात. केंद्राच्या कायद्यानं एकही चालत नाही. डोंगर केंद्राचा."

डोंगर कुणाचा यावर रामोनसितानं तोंड उघडलं, पण आधी दुसरंच विचारलं. "आणि माझा मिरचीचा वाफा? तिथं राज्याचा कायदा ना?"

"तिथं दोन्ही कायदे."

"म्हणजे मी घरात बसूनही गुन्हेगार?"

"कागदावर, हो."

"आणि तो चौकात काचेआड गांजाचं दुकान मांडून बसलाय तो? परवाना लावलाय की भिंतीवर!"

"तोही."

"मग त्याला का नाही धरत?"

वकीलबाईनं जरा विचार केला. "कारण... धरत नाहीत."

"हे उत्तर झालं का, बाळ?"

"नाही," सेडिल्यो हसली. "पण माझ्याकडे हेच आहे." रामोनसिताला मनापासून मजा वाटत होती. एकाच बैलाला दोन मालक. एक म्हणतो चर, दुसरा म्हणतो चरलास तर बघ. हे असं चालतं तरी कसं! जाता जाता दंड किती बसेल ते विचारायचं, भरायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी जायचं, असा तिचा हिशेब.

"एक विचारायचं राहिलं," सेडिल्यो म्हणाली. "तुम्ही इथल्या नागरिक आहात ना?"

"नाही बाई. इथं कायम राहायचं हिरवं कार्ड आहे."

सेडिल्योच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग तिनं सावकाश, शब्द मोजून समजावलं. ज्या गुन्ह्याला नागरिकाला नुसता दंड, त्याच गुन्ह्याला बिगरनागरिकाला हद्दपारी होऊ शकते. स्वतःपुरतं थोडंसं बाळगलं तर कायदा एकदा सूट देतो. पण ही बाई गावभर वाटते, हे तिनंच शिपायाला सांगितलंय. या गुन्ह्याची कबुली देऊन ती घरी गेली, तर एखाद्या सकाळी तिला चिवावाला धाडतील.

"चिवावात माझं कोण आहे?" रामोनसितानं विचारलं. हा एकच प्रश्न तिनं उत्तर नको म्हणून विचारला. भावंडं केव्हाच गेली. एउसेबियो सौसालच्या दफनभूमीत होता आणि त्याच्या शेजारची जागा तिची होती.

"इतक्या वर्षांत नागरिकत्व का नाही घेतलंत?"

"शपथ घ्यावी लागते ना. आमचे म्हणायचे, ज्यांनी डोंगर घेतला त्यांची शपथ माझ्या घरात नको."

सेडिल्यो कामाला लागली, हे तिचं कौतुक. सरकारी वकिलाकडे खेटे घातले, परदेशी लोकांचे खटले चालवणाऱ्या जाणत्याला विचारलं आणि एक वाट काढली. अमली पदार्थाचा गुन्हा सरकार मागे घेईल. त्याबदली रामोनसितानं परवान्याशिवाय सरकारी लाकूड तोडल्याचं कबूल करायचं. तिचीच गाडी, तिच्याच चुलीचं लाकूड. किरकोळ दंड. असल्या गुन्ह्यासाठी कुणाला देशाबाहेर काढत नाहीत.

रामोनसितानं हे बेलार्मिनोला आपल्या स्वयंपाकघरात सांगितलं. तो घेवडा आणि हिरव्या मिरचीचा रस्सा जेवत होता. त्यानं हातातली तोर्तियाची पोळी खाली ठेवली.

"सरकारी लाकूड? कोर्टात उभं राहून म्हणणार तुम्ही, सरकारी?"

"नाही म्हटलं तर मला धाडतील, भावजी."

"माझा बाप या डोंगरापायी तुरुंगात गेला, पण त्यांना हे एक वाक्य दिलं नाही. कुणीच दिलं नाही, वहिनी. आजवर कुणीच."

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा की!"

त्यानं टोपी घेतली आणि ताट तसंच टाकून निघून गेला. रामोनसिता त्या ताटापाशी बसून खूप रडली. परकी, बाहेरून आलेली, आणि गावाचं नाक आपल्याच हातून कापलं जाणार! दोन्हीकडून मरणच.

तारखेला अख्खं सौसाल अल्बुकर्कीला हजर. आमच्याकडे कुणावर बालंट आलं की सगळं गाव साक्षीला जातं, बोलावलं नसलं तरी. कोर्टाच्या व्हरांड्यात ओडिलिया सेडिल्योला गुडघा दाखवत होती. "लिहून घे बाई, दर आठवड्याला मला बाटली देते. फुकट! अशी देवमाणूस!"

"मला दोन देते," मागनं कुणीतरी ओरडलं.

सेडिल्योनं रामोनसिताला बाजूला ओढलं. "अहो, यांना आवरा! यातला एकेक माणूस तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे!" मग रामोनसिता ओळीनं सगळ्यांपुढून गेली. "तोंडं बंद. आत कुणी गुडघ्याचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ आहे." सगळे बिचारे ओठ मिटून बाकांवर जाऊन बसले. बेलार्मिनो त्यांच्यात नव्हता.

न्यायाधीशबाई शांत स्वभावाच्या होत्या. प्रत्येक प्रश्न आधी इंग्रजीत, मग दुभाष्याकडून आपल्या भाषेत. परवाना होता का? नव्हता. लाकूड तुमच्यासाठीच होतं? होय.

"आणि ते लाकूड कुणाच्या मालकीचं होतं?"

दुभाष्यानं पुन्हा विचारलं. सेडिल्योनं हळूच तिच्या कोपराला हात लावला. पाठीमागे सगळं सौसाल श्वास धरून बसलं होतं आणि जन्मभर सगळ्यांना उत्तरं मागणाऱ्या बाईच्या घशातून एक शब्द फुटेना. न्यायाधीशबाई म्हणाल्या, उत्तर दिलं नाही तर मला ही कबुली मान्य करता येणार नाही.

मागच्या दारापाशी कुणीतरी आल्याचा आवाज झाला.

"म्हणा की, वहिनी." बेलार्मिनोचा आवाज चिरकला होता. "सरकारचं आहे म्हणा. डोंगराला काय इथलं ऐकू येतंय? मी सांगतो ना... सरकारचंच आहे."

कोर्टाच्या शिपायानं त्याला दरडावलं. दुभाष्याला हे भाषांतर करायचं की नाही ते कळेना.

"सरकारचं," रामोनसिता म्हणाली आणि कठड्याला धरून हमसून हमसून रडायला लागली.

न्यायाधीशबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवायला सांगितला. म्हणाल्या, पहिलाच गुन्हा आहे, बाईंना मनापासून पश्चात्ताप झालेला दिसतो, कमीत कमी दंड पुरे. अमली पदार्थाचा आरोप रद्द. सेडिल्योनं सुटकेचा श्वास टाकला. बाकांवर कुणी हललं नाही. बेलार्मिनो दारापाशी टोपी छातीशी धरून अजून उभाच होता आणि त्याला बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.