गैरहजेरीचे मेसेज

भूकंपात गावचं घर गेलं, तसा मी लातूरला आलो, काँप्युटर शिकलो आणि पुढं एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात चिकटलो. पोरगं वर्गात आलं नाही की आईबापाच्या मोबाईलवर मेसेज जायचा. त्यासाठी पडद्यामागं गुपचूप चालणारी सर्व्हिस मीच बसवली होती. तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, जमवता जमवता जीव मेटाकुटीला आला. एक बसवली की ती दुसरी मागायची. शेवटी चालली एकदाची. पण मशीन बंद करून चालू केली की सर्व्हिस एक लायब्ररी सापडत नाही म्हणून बोंब मारायची आणि बंद पडून बसायची. मग ती लायब्ररी मशीनमध्ये कुठं ठेवलीय, त्याचा पत्ता मी हातानं देऊन सर्व्हिसला उठवायचो. म्हटलं, मशीन बंद करतंय कोण? बघू नंतर. लई शहाणा मी!

खंडेनवमीला सगळ्या मशीन बंद करून पुजल्या. झेंडूचे हार घातले, नारळ मीच फोडला. दसऱ्याचं सोनं द्यायला उदगीरला सासरवाडीला गेलो आणि आठवडाभर तिथंच रमलो. इकडं क्लास सुरू झाला. कुणीतरी मशीनचं बटण दाबलं, पडदा उजळला, सगळे निर्धास्त.

मी परतलो त्या सकाळी हिमायतनगरचा एक बाप ऑफिसात बसून होता. त्याची पोरगी भाड्याच्या खोलीवर राहायची. सोबतीण सणाला गावी गेली, ही परीक्षेसाठी थांबली. क्लासच्या नियमामुळं तिच्याजवळ मोबाईल नव्हता. तीन दिवस तापानं एकटी पडून होती. तिसऱ्या दिवशी घरमालकिणीनं दवाखान्यात नेलं, त्याच संध्याकाळी पोरगी गेली. आदल्या दिवशी तिला माती देऊन तो आला होता.

"भांडायला न्हाई आलो, सर. मी रोज मोबाईल बघून राहिलो होतो. मेसेज न्हाई म्हंजे पोरगी वर्गात हाय, असं तुमीच सांगितलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनपाशी गेलो, तर सर्व्हिस बंद. माझी अक्कल शेण खायला गेली होती. सवयीनं पत्ता देऊन ती चालू केली. साचलेले मेसेज सुटले आणि त्याच्या खिशात मोबाईल वाजला. चार वेळा.

त्यानं चष्मा लावून एकेक वाचला. आपली मुलगी आज वर्गात गैरहजर आहे. तीन आजारातले. चौथा, तिला माती दिली त्या दिवसाचा.

"हाव, सर," तो म्हणाला. "कळलंय मला."