आधी कोणाला दिसलं

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि धाकट्या भावाशी बोलणं टाकलं होतं. ऐनाच्या झाडावरचं मोहोळ आधी मला दिसलं होतं. आमच्या रानात मोहोळ दिसलं की बुंध्याला गवताची गाठ मारतात. जो गाठ मारेल त्याचा मध. मी गाठ न मारता घरी आलो आणि मागून येऊन त्यानं मारली. चोर कुठला!

चंद्रपूरला कॉलेजात शिकणारी नात तेव्हा घरी आली होती. जेवताना तिनं कॅल्क्युलसची गोष्ट काढली. सतत बदलणाऱ्या गोष्टींचं हे गणित एका इंग्रजाला आधी सुचलं, पण त्यानं ते बरीच वर्षं छापलंच नाही. एका जर्मनानं स्वतःच्या डोक्यानं तेच शोधलं आणि आधी छापलं. मग इंग्रज त्याला चोर म्हणत सुटला.

"बयताड होता तो इंग्रज," मी म्हटलं. "तवाच छापलं काऊन नाई? आता बोंबलून काय फायदा?"

"मंग आबाजी, तुमी गाठ काऊन नाई मारली?"

शिकवून शिकवून पोरीची जीभ तेवढी लांब झाली. मी ताट सरकवून उठलो. भावाशी आजही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आत रानात गेलो आणि दिसेल त्या मोहोळाखाली गाठ मारून आलो.